सव्वातीनशे टनांचा दगड, न उचलता उभा करायचा

समजा, इ.स.पू. पंधराव्या शतकात तुम्ही इजिप्तची राणी हतशेप्सुत हिच्या दरबारात बांधकामाचे अधिकारी आहात आणि हुकूम सुटला आहे. अस्वानच्या लाल ग्रॅनाइटमधून दोन ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळते होत जाणारे उंच दगडी स्तंभ, काढायचे, नाईलमधून दोनशेहून जास्त किलोमीटर खाली थीब्जला न्यायचे आणि कर्नाकच्या आमुनच्या देवळात जोडीनं उभे करायचे. प्रत्येकाची उंची साडेएकोणतीस मीटर, म्हणजे जवळपास दहामजली इमारतीएवढी. वजन सुमारे 323 टन. दगड एकसंध हवा, सांधा चालणार नाही. लोखंड नाही, कप्पी नाही. तांब्या-काशाची हत्यारं आहेत, पण ग्रॅनाइटपुढे त्यांची धार टिकत नाही. खाणीतल्या कामाला मिळणार सात महिने.

हे काम झालं. जोडीतला एक आजही कर्नाकला उभा आहे आणि सात महिन्यांचा हिशेब त्याच्याच बैठकीवर कोरलेला आहे.

एवढा दगड उचलला कसा, असं सगळेच विचारतात आणि तिथेच फसतात. उचललाच नाही. खाणीपासून बैठकीपर्यंत दर टप्प्यावर त्या लोकांनी उचलणं टाळलं. कुठे खडक खाली नेला, कुठे नदी वर येऊ दिली, कुठे दगड उतारावर चढवून मग हळूच खाली सोडला. पुढचे सगळे टप्पे वाचताना एवढं एक डोक्यात ठेवा, म्हणजे गुंता होणार नाही.

आधी नाव आणि घाट

इजिप्तची माणसं याला तेखेन म्हणत. ग्रीकांनी पाहिलं आणि त्यांना मांस भाजायची छोटी सळई आठवली, म्हणून ओबेलिस्कोस. अरबीत मिसल्ला, म्हणजे आपल्या भाषेत सरळ दाभण. तिन्हींत मला दाभण जास्त पटतं.

चौकोनी बुंधा, वर जाताना निमुळता आणि टोकाला एक छोटा पिरॅमिड. बुंध्याची बाजू साधारणपणे उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढी किंवा थोडी कमी. हतशेप्सुतच्या स्तंभाची सुमारे 2.4 मीटर. कोरेगाव भीमाचा जयस्तंभ ज्यांनी पाहिला आहे त्यांनी हा घाट पाहिला आहे. फरक इतकाच की तो चिरे रचून बांधलेला आहे. वॉशिंग्टनचं 169 मीटरचं प्रसिद्ध स्मारकही तसंच, रचलेलं. इजिप्तमध्येही सुरुवातीला असं झालं: अबू घुराबच्या सूर्यमंदिरात नियुसेरे राजाचा बुटका, जाडजूड ओबेलिस्क बांधकामाचाच होता. पण पुढे नियम ठरला तो एका दगडाचा, आणि सगळी कटकट त्या नियमानं आणली.

टोकाच्या पिरॅमिडाला बेनबेनेत म्हणत. हेलिओपोलिसच्या सूर्यमंदिरात बेनबेन नावाचा पवित्र दगड होता. सृष्टीच्या आरंभी पाण्यातून वर आलेली पहिली टेकडी म्हणजे तो, आणि सूर्याचा पहिला किरण पडला तो त्याच्यावर, अशी समजूत. म्हणून ओबेलिस्कचा जीव त्याच्या टोकात. खालचा सगळा स्तंभ म्हणजे ते टोक उन्हापर्यंत पोचवायची सोय.

पहिली पायरी: खडक पारखणं

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया. अस्वानच्या खाणीत याचा पुरावा आडवा पडलेला आहे. अर्धवट सोडलेला हा ओबेलिस्क 41.75 मीटर लांब आहे आणि पुरा झाला असता तर 1,168 टनांचा भरला असता. हे मोजमाप रेजिनाल्ड एंगेलबाख या इंग्रज अभियंत्याचं. त्यानं 1921-22 साली ही जागा उपसून साफ केली. आज आपल्याला खाणकामाबद्दल जे कळतं, त्यातलं बरंचसं या फसलेल्या कामामुळे. जे स्तंभ नीट उभे राहिले त्यांनी आपल्या मागच्या खुणा पुसून टाकल्या.

तर काम असं. वरचा ऊन-पावसानं कुजलेला थर आधी काढायचा. त्यासाठी खडकावर आग पेटवायची, मग पाणी मारायचं. तडकलेलं कवच ठोकून निघतं. आग भलतीकडे पसरू नये म्हणून मातीच्या विटांचा आडोसा करायचा. मग कडेनं चाचणीचे खड्डे घ्यायचे आणि आत भेगा किती खोल गेल्यात ते पाहायचं. ग्रॅनाइटमधली भेग वरून केसासारखी दिसते आणि आत हातभर रुंद निघू शकते.

अस्वानच्या त्या धुडात भेगा निघाल्याच. तरी माणसं लगेच हरली नाहीत. त्याच दगडाच्या पृष्ठभागावर दुसऱ्या, लहान ओबेलिस्कची रेषा आखलेली दिसते. एवढा मोठा नाही तर यातला चांगला भाग तरी वाचवू, असा हिशेब. तोही जमला नाही. हे वाचलं की मला तो मुकादम दिसतो, गुडघ्यावर बसून दोरीनं पुन्हा मापं घेणारा.

दुसरी पायरी: चर

आता आखणीच्या चारही बाजूंनी चर खणायचा. रुंदी सुमारे 75 सेंटिमीटर, एक माणूस उकिडवा बसून हात चालवू शकेल एवढीच. हत्यार म्हणजे डोलेराइटचा गोटा. मुठीत मावत नाही, दोन्ही हातांनी धरायचा, वजन साधारण पाच किलो. छिन्नी नाही, टाकी नाही. गोटा उचलायचा आणि आपटायचा.

डोलेराइट मराठी माणसाला परका नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या रसायनाचा, त्याचाच हा भाऊ. थंड व्हायला जरा जास्त वेळ मिळाल्यामुळे कण मोठे, एवढंच. ज्यानं काळ्या दगडाच्या पाट्या-वरवंट्याला टाकी लावताना पाहिलंय, त्याला त्याचा चिवटपणा वेगळा सांगायला नको. ग्रॅनाइटवर आदळला की ग्रॅनाइटचे कण चुरतात, गोटा टिकतो. आपटताना गोटा हातात फिरवत राहायचा, म्हणजे सगळीकडून सारखा झिजतो आणि आणखी गोल होतो. खाणीत असे गोटे ढिगानं सापडले. काही मधोमध फुटलेले.

एंगेलबाखनं स्वतः गोटा घेऊन तासभर ठोकून पाहिलं. खोली गेली काही मिलिमीटर. म्हणजे हे काम अशक्य नाही, फक्त कंटाळवाणं आहे. अंग मोडेल इतकं कंटाळवाणं.

चराच्या भिंती आजही पाहण्यासारख्या आहेत. त्यांवर उभ्या पन्हाळींसारखे सलग खोलगट पट्टे आहेत, जणू कुणी मोठ्या चमच्यानं दही काढत खाली गेलंय. प्रत्येक माणसाला साधारण दोन फुटांची जागा वाटून दिलेली, त्यामुळे हे पट्टे पडले. आणि भिंतीवर लाल रंगाच्या रेघा आहेत. मुकादम वरून मोजकाठी सोडायचा आणि काम कुठवर खाली गेलं त्याची खूण करायचा. रोजंदारीच्या कामाची मोजणी आपल्याकडे कशी होते ते आठवा. साडेतीन हजार वर्षांत त्यात फार सुधारणा झालेली नाही. मापाचं नावही ओळखीचं: हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. फक्त त्यांचा राजहात सुमारे 52 सेंटिमीटरचा होता.

तिसरी पायरी: पोटाखालून सोडवणं

चर पुरेसा खोल गेला की आडवं वळायचं आणि दगडाच्या पोटाखालून पोखरायचं. पुन्हा गोट्यांनीच, आता कुशीवर पडून. थोडं पोखरलं की धिरे द्यायचे, मग पुढचं.

इथे एक लोकप्रिय गोष्ट बाजूला सारायला हवी. लाकडी पाचरी ठोकल्या, त्यांवर पाणी ओतलं, लाकूड फुगलं आणि ग्रॅनाइट तडकला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अस्वानला पाचरींच्या खाचा दिसतात हे खरं, पण त्यांतल्या बहुतेक नंतरच्या काळातल्या मानल्या जातात, जेव्हा लोखंडी पाचरी हाताशी आल्या होत्या. शिवाय तीस मीटर लांब आणि अडीच मीटर जाड तुकडा पाचरींनी सोडवायचा म्हणजे तो मधेच मोडण्याला निमंत्रण. ठोकणं संथ होतं, पण दगडाला झटका बसत नव्हता.

सुटलेला दगड खड्ड्यातून वर काढायचा का? छे. समोरच्या बाजूचा खडक फोडून वाट करायची आणि दगड तरफांनी रेटत त्या वाटेनं बाहेर आणायचा. वेरूळच्या कैलासाचं तत्त्व याच जातीचं आहे: दगड जागचा हलवायचा नाही, भोवतालचा डोंगर काढायचा. तिथे मंदिर जागेवरच राहिलं. अस्वानच्या मंडळींना मात्र पुढे प्रवास होता.

चौथी पायरी: ओढणं

लाकडी घसरगाडी, जाड दोर, बांधून काढलेला सपाट रस्ता आणि माणसं. चाकाचा इथे उपयोग नाही, वाळूत रुततं.

किती माणसं? याचा अंदाज एका चित्रावरून बांधता येतो. देर अल-बर्शा इथल्या जेहुतिहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात त्याचा प्रचंड पुतळा ओढून नेतानाचं चित्र आहे. पुतळा साधारण 58 टनांचा धरला जातो, ओढणारे 172. त्याच प्रमाणात 323 टनांना साडेनऊशे-हजार माणसं लागतील. मोठा आकडा आहे, पण अशक्य नाही. पंढरीच्या एका मोठ्या दिंडीत एवढी माणसं सहज असतात. अवघड काम आहे ते हजार जणांनी एका क्षणी जोर लावण्याचं. म्हणून चित्रात पुतळ्याच्या मांडीवर उभा राहून एक जण टाळ्या वाजवत ठेका धरतो.

त्याच चित्रात घसरगाडीच्या पुढच्या टोकाला उभा राहून एक जण वाळूवर पाणी ओततो आहे. पुष्कळ काळ याला पूजाविधी समजलं गेलं. 2014 साली अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की योग्य प्रमाणात ओल असेल तर वाळू घट्ट धरते, गाडीपुढे ढीग साचत नाही आणि ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो. पाणी जास्त झालं तर चिखल होऊन उलटा परिणाम. पाऊस पडून गेल्यावर चौपाटीवर सायकल कुठे हलकी चालते हे ज्याला माहीत आहे त्याला प्रयोगशाळेची गरज नाही.

पाचवी पायरी: नदी

आता नाईलच्या पुराची वाट पाहायची. उन्हाळा सरता सरता पाणी वर येतं आणि शरदात ओसरू लागतं. त्या काळात नदी खाणीच्या जवळ येते, आणि पडावाला वर तोलून धरायचं काम तिच्यावर सोपवता येतं.

दगड पडावावर चढवायचा कसा? पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी एका टॉलेमी राजाच्या ओबेलिस्कची युक्ती सांगतो. दगड जिथे पडला होता तिथवर कालवा खणला, असा की दगडाची दोन्ही टोकं दोन काठांवर टेकलेली आणि खालून पाणी. मग दोन नावा लहान दगडांनी गच्च भरून, खोल बुडवून त्याच्याखाली आणल्या. भरलेले दगड काढून टाकले. नावा हलक्या झाल्या, वर आल्या आणि ओबेलिस्क पाठीवर घेऊन उभ्या राहिल्या. माणसांनी फक्त छोटे दगड हातानं बाहेर टाकले. हतशेप्सुतच्या लोकांनी नेमकं हेच केलं असं म्हणता येत नाही, पण विचार त्याच घराण्यातला.

पडावाचा आकार सांगणारा माणूस हतशेप्सुतच्या वडिलांच्या काळातला आहे. इनेनी हा अधिकारी आपल्या थडग्यात लिहून गेला की थुतमोस पहिल्याच्या ओबेलिस्कांसाठी त्यानं 120 हात लांब आणि 40 हात रुंद नाव बांधली. म्हणजे सुमारे 63 मीटर बाय 21 मीटर. त्या जोडीतला उभा असलेला ओबेलिस्क 143 टनांचा आहे. दोघांचे 286 टन धरा आणि नाव सपाट चौकोनी तराफा आहे असं समजा: भारामुळे ती पाण्यात आणखी जेमतेम वीत-सव्वावीत खाली जाईल. एवढ्या अवाढव्य नावेचं रहस्य हे आहे. रुंद पसरली म्हणून उथळ पाण्यातही चालली.

देर अल-बहरीच्या मंदिरात हतशेप्सुतनं स्वतःच्या ओबेलिस्कांची मिरवणूक कोरून घेतली. एका महाकाय पडावावर दोन स्तंभ, आणि पुढे तीन रांगांत ओढणाऱ्या वल्ह्यांच्या नावा. प्रवाह उत्तरेला, थीब्जही उत्तरेला. तेव्हा वल्ही मुख्यतः दिशा राखायला, जोर नदीचा.

सहावी पायरी: उभा करणं

आता बैठक. वाड्याच्या खांबाखाली जसा तळखडा असतो तसा इथे ग्रॅनाइटचा भला मोठा चौथरा. त्याच्या वरच्या पृष्ठभागावर एका कडेनं खोबण कोरलेली असते. ओबेलिस्कच्या बुंध्याची एक कड या खोबणीत बसली की ती बिजागरीसारखी काम करते. दगड तिच्यावर फिरून उभा राहतो, सरकत नाही.

बुंधा खोबणीत आणायचा कसा, याचा धागा एका टवाळ पत्रात मिळतो. अनास्तासी पहिला या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पपायरसमध्ये होरी नावाचा लेखनिक दुसऱ्या लेखनिकाची अक्कल काढतो. गणितं घालतो: 730 हात लांब, 55 हात रुंद उताराला विटा किती लागतील? 110 हातांचा ओबेलिस्क ओढायला माणसं किती? आणि मग, तुझ्या धन्याच्या स्मारकाखाली वाळूनं भरलेली कोठी आहे, ती रिकामी करायला किती जण लागतील?

वाळूची कोठी हीच किल्ली. चौथऱ्याभोवती विटांची भक्कम, वर रुंद आणि खाली अरुंद विहीर बांधायची आणि वाळूनं काठोकाठ भरायची. बाहेरून तिच्या काठापर्यंत लांबलचक उतार. ओबेलिस्क बुंधा पुढे करून उतारावरून ओढत आणायचा, अर्ध्याहून अधिक वाळूवर येईल असा. मग खालच्या बोगद्यातून वाळू उपसायला लागायचं. कणगीचं तळाचं भोक उघडल्यावर वरचं धान्य जसं सावकाश बसत जातं, तसा बुंधा वाळूबरोबर खाली उतरतो आणि दगड तिरपा होत जातो. घाई नाही, झटका नाही. एका बाजूला जास्त कलला तर त्या बाजूची उपसणी थांबवायची. कड खोबणीत बसली की शेवटचं काही अंशांचं काम दोरांचं: एका बाजूनं ओढा, दुसऱ्या बाजूनं धरून ठेवा.

ही नुसती कल्पना नाही. 1999 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 25 टनांचा ग्रॅनाइटचा ओबेलिस्क वाळू उपसून खाली घेतला आणि दोरांनी ओढून उभा केला गेला.

चूक मात्र सुधारता येत नाही. हतशेप्सुतचा उभा स्तंभ आपल्या चौथऱ्यावर किंचित तिरका बसलेला आहे. बुंधा खोबणीत पूर्ण जुळला नाही, आणि 323 टनांना कोण म्हणणार, जरा सरका.

सातवी पायरी: अक्षरं आणि सोनं

कोरीवकाम सगळं उभं केल्यावर होत नसे. अस्वानच्या पश्चिम तीरावर सेती पहिल्याचा अपुरा ओबेलिस्क आहे. त्याच्या टोकाच्या तीन बाजू खाणीतच कोरून झाल्यात, खालची चौथी तेवढी राहिली. पोचवण्याआधी जे हाताला येतं ते उरकायचं, एवढा साधा हिशेब.

टोकाला सोन्या-चांदीच्या नैसर्गिक मिश्रधातूचा पत्रा. हतशेप्सुत अभिमानानं सांगते की हा धातू तिनं धान्याच्या पोत्यांसारखा मापानं मोजून दिला.

वापर कशासाठी

घड्याळ म्हणून, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते रोमचं. सम्राट ऑगस्टसनं सामतिक दुसऱ्याचा ओबेलिस्क आणून इ.स.पू. 10 मध्ये सावली मोजायला उभा केला. इजिप्तमध्ये तो मंदिराच्या दाराशी जोडीनं उभा असे, सूर्यदेवाला अर्पण केलेला आणि राजाचं नाव मिरवणारा. पुष्कळदा राजाच्या सेद या महोत्सवाच्या निमित्तानं. आणि तो नुसती शोभा नव्हता, त्याला नैवेद्य होता. हतशेप्सुतनंतरच्या थुतमोस तिसऱ्या राजानं कर्नाकमधल्या चार ओबेलिस्कांना प्रत्येकी 25 पाव आणि एक घडा बिअर लावून दिली. आपल्याकडे देवस्थानाला इनाम लावून देत तसंच.

याच थुतमोसच्या काळात हतशेप्सुतच्या ओबेलिस्कांभोवती भिंत चढली. हेतूबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, परिणाम गमतीचा आहे: झाकला गेलेला भाग वाऱ्या-उन्हापासून सुरक्षित राहिला.

पुढे परदेशी आले. असीरियाचा राजा असुरबनिपाल यानं इ.स.पू. 663 मध्ये थीब्ज लुटलं तेव्हा मौल्यवान धातूचे दोन ओबेलिस्क नेले. रोमनांनी इतके नेले की आज रोम या एका शहरात 13 प्राचीन ओबेलिस्क उभे आहेत, त्यातले आठ अस्सल इजिप्तचे. तिथल्या लॅटेरन चौकातला 32 मीटरचा त्यात सगळ्यांत मोठा. तो मुळात थुतमोस तिसऱ्यानं घडवायला घेतलेला, त्याच्या मृत्यूनंतर 35 वर्षं कर्नाकला पडून राहिलेला आणि नातू थुतमोस चौथ्यानं उभा केलेला. लंडनला निघालेला 1877 साली बिस्केच्या उपसागरातल्या वादळात सापडला आणि सहा खलाशी गेले.

या नव्या मालकांकडे कप्प्या होत्या, म्हणून त्यांनी खरंच उचलले. 1586 साली डोमेनिको फोंटानानं व्हॅटिकनचा ओबेलिस्क जुन्या जागेवरून काढला तेव्हा सुमारे 900 माणसं, 75 घोडे आणि दोर गुंडाळणारे 40 उभे रहाट लागले. लक्सरचा एक 1836 मध्ये पॅरिसला उभा राहिला. त्याच्या मूळ बैठकीवर उगवत्या सूर्याला हात वर करून वंदन करणारी माकडं होती. नर असल्याचं ती लपवत नव्हती म्हणून पॅरिसच्या चौकात ती चालली नाहीत; लूव्र संग्रहालयात गेली. त्यांच्या जागी नव्या चौथऱ्यावर अभियंता लेबासची यंत्रं सोनेरी रेषांत काढली: दोर, शिड्या, कप्प्या, दगड कसा आडवा केला आणि कसा उभा.

कर्नाकच्या बैठकीवरही मजकूर भरपूर आहे. हतशेप्सुत महिने मोजून सांगते, धातू मोजून सांगते, पुढच्या काळात हे पाहून लोक काय बोलतील याची चिंता करते, आणि हे सगळं खरं आहे म्हणून रा देवाची शपथ घेते. दगड उभा कसा केला, यावर तिथे एक अक्षर नाही.